बंबावर जायचं असेल तर युनियनमध्येही ये

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातल्या मुलानं विचारलं आहे: बारावी झाली, उंची-छाती मापात बसते, मुंबईत कालिन्याला सहा महिन्यांचा अग्निशमनचा कोर्स करून एखाद्या नगरपरिषदेत फायरमन म्हणून लागावं का? काम खरंच कसं असतं? आणि घरचे म्हणतात की लागलास तरी युनियनच्या भानगडीत पडू नकोस, त्याचं काय? मी कापूस पट्ट्यातल्या एका नगरपरिषदेतून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं कर्मचारी संघटनेचं काम केलं, काही काळ शाखेचा सचिव होतो. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

लागावं, असंच मी सांगेन. युनियनमध्येही यावं. घरच्यांना या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मला का वाटत नाहीत ते कळायला आधी काम कळलं पाहिजे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

टीव्हीवर दिसतो तो मुंबईचा बंब. उंच शिडी, मागे आणखी चार गाड्या, पाण्याला टँकरची रांग. आपल्याकडच्या नगरपरिषदेत बहुधा एक मोठी गाडी असते, साडेचार हजार लिटरची, आणि जमलं तर गल्लीबोळासाठी एक लहान. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिलेला आहे. १९६५ च्या आपल्या नगरपरिषद अधिनियमातही ते कर्तव्यांमध्ये आहे. म्हणजे शहराच्या नावानं बंब आहे, खेड्याच्या नावानं नाही. ग्रामपंचायतीकडे गाडीही नाही आणि माणूसही नाही. पण आग लागली की पोलीस पाटील फोन तालुक्यालाच लावतो, आणि नगरपरिषदेची गाडी हद्द ओलांडून पंचवीस-तीस किलोमीटर पळते. आगीची खबर येऊन गाडी निघते त्याला आम्ही वर्दी म्हणतो. उन्हाळ्यात आमच्या वर्दी रजिस्टरमध्ये गावातल्यापेक्षा हद्दीबाहेरच्या वर्द्याच जास्त असायच्या. तेवढ्या वेळात शहरात काही पेटलं तर तिथे कोणी नाही, ही धाकधूक गाडीत बसलेल्या प्रत्येकाला असते.

खेड्यातल्या आगींचं वर्ष पिकांच्या वर्षाबरोबर चालतं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे कापून रचलेले ढीग. जुनं वैर असलं की रात्री कुणीतरी काडी लावतो आणि एका घराची वर्षाची कमाई जाते. दिवाळीपासून घरात भरलेला कापूस. भाव वाढेल म्हणून शेतकरी विकत नाही, समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचतो. त्याच खोलीत देवाजवळ दिवा, त्याच खोलीत बल्बसाठी जोड देऊन ओढलेली वायर. फेब्रुवारीनंतर तुरीचं कुटार, कडब्याच्या गंज्या, गोठे. मार्च ते मे धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवायचे दिवस. सकाळी वारा पडलेला असतो म्हणून माणूस पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि गवत पेटवतो, दुपारी वारं सुटतं आणि त्याच्या धुऱ्यावरची आग शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत शिरते.

आम्ही पोचतो तेव्हा पुष्कळदा गोठा बसलेला असतो. पांदणीनं गाडी आत जात नाही, होज, म्हणजे पाण्याचा पाइप, खांद्यावर टाकून पळावं लागतं. आणि तिथे उभा असलेला माणूस म्हणतो, "आता काय इजवता जी, सारं जयून गेलं." हे वाक्य तुला ऐकावंच लागेल. त्याला उलट बोलायचं नाही. त्याही वेळी करण्यासारखं बरंच असतं. शेजारच्या घराचं छप्पर ओलं करायचं, जनावरांची दावी कापायची, सिलिंडर बाहेर काढायचा, धान्याच्या कोठीपर्यंत आग जाऊ द्यायची नाही. आणि परत आल्यावर दाखला नीट लिहायचा. तलाठ्याच्या पंचनाम्याला आणि विम्याच्या अर्जाला अग्निशमनचा दाखला जोडावा लागतो. काय जळलं, किती जळलं, किती वाजता पोचलो, हे सगळं त्यात हवं. "गोठ्यास आग, विझविली" एवढ्यावर भागवणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्या एका ओळीमुळे बैलजोडीची नोंद राहते आणि त्या घराला मदत मिळायची ती अडकते.

पाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेव. होजची एक लाइन पूर्ण दाबानं चालवली तर साडेचार हजार लिटर दहा मिनिटांच्या आत संपतं. दोन लाइन चालवल्या तर त्याच्या निम्म्यात. लोक म्हणतात, शेजारी विहीर आहे, त्यातून ओढा. पंप सक्शननं पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर. कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट. मे महिन्यात आपल्या विहिरींचं पाणी चाळीस फूट खाली गेलेलं असतं. सक्शन होज कितीही लांब जोडला तरी तिथून थेंब येत नाही. मग शेतकऱ्याची मोटर चालू करून पाइप बंबाच्या टाकीत सोडायचा, आणि वीज गेलेली असेल तर गावातली माणसं रांगेनं गुंड-बादल्या भरून देतात. म्हणून गावात शिरताना मी पहिल्या माणसाला आग कुठे आहे हे विचारत नव्हतो, धूर दिसतच असतो. वीज आहे का आणि कोणाच्या विहिरीवर मोटर बसवलेली आहे, हे विचारायचो.

आता जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, आर्वी, अकोट, या पट्ट्यात कुठेही लागलास तरी कापसाची आग तुझ्या वाट्याला येणार, आणि ती कोर्समध्ये जेवढी शिकवतात त्यापेक्षा बरीच वेगळी असते. कापसात वेचणीबरोबर खडा येतो, बंडीचा खिळा येतो, तारेचा तुकडा येतो. तो जिनच्या रोलरमध्ये सुरीवर घासला की ठिणगी. कधी बेअरिंग तापतं. ठिणगी रुईबरोबर पंख्याच्या पाइपातून पुढच्या हॉलमध्ये जाते, म्हणजे आग लागते एका ठिकाणी आणि दिसते दुसऱ्या ठिकाणी. मोकळ्या रुईवर ज्योत क्षणात पृष्ठभागावरून पळत जाते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि नंतर विझल्यासारखी वाटते. तिथेच नवा माणूस फसतो. वरची ज्योत गेली तरी आत धुमसणं सुरू झालेलं असतं.

नवीन पोरं सरळ जोराचा झोत मारतात. त्यानं पेटलेली रुई उडून दहा ठिकाणी पडते. कापसावर फवारा मारायचा, तोही कडेकडेनं आत. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे साधं पाणी वरून घरंगळतं, आत मुरत नाही. पाण्यात थोडा फोम किंवा साबणाचं द्रावण घातलं की ते आत शिरतं. ही साधी गोष्ट जिनिंगवाल्यांनाही माहीत नसते.

गाठींची आग याहून कठीण. एक गाठ साधारण १७० किलोची, दाबून पट्ट्यांनी आवळलेली. आग तिच्या पोटात असते. बाहेरून नुसता काळपट डाग दिसतो. हाताची पालथी बाजू जवळ नेली तर बाकीच्या गाठींपेक्षा ऊब जास्त जाणवते, आणि ओल्या जळक्या चिंधीसारखा वास येतो. ती गाठ रांगेतून काढून मोकळ्या पटांगणात न्यायची आणि उघडायची. पट्टी कापताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आतला कापूस फुगलेला असतो आणि पट्टी उसळून सरळ तोंडावर येते. पट्ट्या सुटल्या की गाठीच्या थप्प्या वहीच्या पानांसारख्या उलगडतात, आणि आत कुठेतरी बारीक लाल कड सरपटताना दिसते. ज्योत नाही, आवाज नाही. तेवढा भाग उपसून पाण्याच्या टाक्यात बुडवायचा. मग दुसरी गाठ. अशा शंभर-दीडशे गाठी असल्या की रात्र जाते, दुसरा दिवस जातो, आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस पहारा ठेवावा लागतो, कारण पोटात राहिलेली आग वारा मिळाला की परत वर येते.

या कामाला माणसं किती लागतात ते मोज. एक ड्रायव्हर पंपावर, त्याला हलता येत नाही. ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी, एक आणि त्याच्या मागे होज धरायला एक. पाणी भरून आणायला दुसरी गाडी असेल तर तिचा ड्रायव्हर. गाठी ओढणारे वेगळे, उघडणारे वेगळे, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक. आम्ही निघायचो तेव्हा गाडीत ड्रायव्हर धरून तीन जण असत, कधी दोन. बाकीचं काम जिनिंगचे हमाल आणि कापूस निवडणाऱ्या बाया करत. तोंडाला लुगड्याचा पदर बांधून. त्या धुरात त्यांना उभं करावं लागायचं याची चीड मला नोकरीभर राहिली आणि आजही आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, लागू झाला डिसेंबर २००८ पासून. मालकानं आपली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी-जुलैत तसं प्रमाणपत्र द्यायचं, असं त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण टाकी कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात तळाला शेवाळ, हे मी एकापेक्षा जास्त जिनिंगमध्ये पाहिलं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा सगळ्या राज्यात फायर ऑडिटची धावपळ झाली. काही महिने आमच्याकडेही फायली फिरल्या. नंतर पुन्हा सगळं सैल पडलं. तू तपासणीला गेलास तर कागद नंतर बघ, आधी टाकीचं झाकण उघड आणि होज जोडून पाणी सोडायला लाव.

कापसावरून १४ एप्रिलचं सांगतो. हा अग्निशमन सेवा दिन का, हे भरतीला येणाऱ्या पुष्कळ पोरांना सांगता येत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी कापसाला आग लागली, जवान ती विझवत असताना चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या आगीत गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आणि पुढे २० तारखेपर्यंत सप्ताह. गाठीच्या पोटातल्या आगीनं काय होऊ शकतं, ते यावरून लक्षात घे.

आपल्याकडे त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. सकाळी स्टेशनवर ध्वज, मौन, मानवंदना, आणि दुपारपासून मिरवणुकीच्या मार्गावर गाडी उभी. स्टेजची वायरिंग आणि जनरेटर तपासायचे, रात्री उशिरापर्यंत थांबायचं. आमच्या शाखेत मी दर वर्षी त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकत्र सांगायचो. मुंबईत ते जवान गेले तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ ते १९४६. मालकांनी युनियनला मान्यता देणं सक्तीचं करावं, असं विधेयक त्यांनीच १९४३ मध्ये मांडलं होतं. निळा झेंडा खांद्यावर घेऊन मिरवणुकीत नाचणारा आमचाच एक सफाई कामगार युनियनच्या पावतीला मात्र टाळाटाळ करायचा, त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पावती फाडायला आला.

आगीशिवायही काम असतं. विहिरीत पडलेली माणसं, जनावरं. यात एकच सांगतो, कारण त्यानं आपल्या भागात जीव जातात. बंद पडलेल्या किंवा गाळ काढायच्या विहिरीत, गोबर गॅसच्या खड्ड्यात, शौचालयाच्या टाकीत एक माणूस उतरून बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आत प्राणवायू नसतो किंवा विषारी वायू असतो. डिझेल इंजिन खाली ठेवून पाणी उपसलं असेल तर त्याचा धूर विहिरीतच साचलेला असतो. श्वसनसंच आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरायचं नाही. काठावर आई रडत असली तरी नाही. संच नसेल तर वरून हवा सोड, दोर सोड, पण उतरू नको.

इथपर्यंत वाचलंस तर युनियनचा प्रश्न तुझा तुलाच पडला असेल. श्वसनसंच स्टेशनवर आहे का? असला तर सिलिंडर भरलेला आहे का? गाडीत माणसं किती? हे कोण विचारणार?

आमच्या नगरपरिषदेत कितीतरी वर्षं आम्हाला मिळालेले बूट म्हणजे पावसाळी रबरी गमबूट. जळक्या घराच्या ढिगाऱ्यात टिनाचे खिळे वर तोंड करून पडलेले असतात, ते त्या तळव्यातून आरपार जातात. गरम राखेत रबर मऊ पडून पायाला चिकटतं. एका सहकाऱ्याचा पाय असाच सडत गेला आणि त्याची रजा बिनपगारी धरली गेली. आम्ही निवेदन दिलं. उत्तर आलं की साहित्य खरेदी हा प्रशासनाचा विषय आहे, संघटनेनं वेतन-भत्त्यांपुरतं बोलावं.

आमच्यातलेही बरेच जण तेच म्हणत होते. युनियन म्हणजे पगारवाढ, महागाई भत्ता, सणाचा अ‍ॅडव्हान्स. मी आणि दोघं-तिघं अडून बसलो की अग्निशमनच्या मागणीपत्रात पहिली मागणी बुटांची, दुसरी श्वसनसंचांची, तिसरी गाडीवर किमान पाच माणसांची. पगार चौथा. यावर शाखेच्या सभेत जोरात भांडण झालं. पगार तीन-तीन महिने होत नव्हता, पोरांच्या फिया थकल्या होत्या, किराणावाला उधार देत नव्हता, त्यामुळे समोरच्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी दोन मागणीपत्रं करायचं ठरलं.

पण मागणीपत्रानं काम झालं नाही. काम झालं वर्दी अहवालानं. प्रत्येक वर्दीनंतर अहवाल लिहावाच लागतो. आम्ही त्यात शेवटी दोन ओळी वाढवल्या: गाडीवर किती कर्मचारी होते, आणि कोणतं साहित्य लागलं पण उपलब्ध नव्हतं. आरोप नाही, तक्रार नाही, नुसती नोंद. कुणी ती खोडा म्हणू शकत नव्हतं, कारण खोटी नव्हती. दीड-दोन वर्षांत त्या नोंदींची जाड फाइल झाली. नंतर एका जिनिंगला मोठी आग लागली, व्यापारी खवळले, सर्वसाधारण सभेत नगरसेवकांनी विचारलं की बंब असून काय उपयोग, आणि त्या सभेत ती फाइल टेबलावर गेली. बूट आले. दोन श्वसनसंच आले. पाच माणसं काही आली नाहीत, चारवर तडजोड झाली. तुला युनियनचं काम शिकायचं असेल तर भाषण करण्याआधी अहवाल लिहायला शीक.

संपाचं काय, हा प्रश्न घरच्यांच्या मनात असणारच. अग्निशमन ही अत्यावश्यक सेवा. मेस्मा, म्हणजे अशा सेवांतल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लागतो तो भाग आहेच. पण कायदा नसता तरी बंब बंद ठेवायचा नाही, असं आमच्या शाखेचं ठरलेलं होतं आणि मला ते आजही बरोबर वाटतं. आपल्या संपाच्या दिवशी ज्याचा गोठा जळेल तो आपला मालक नाही, आपल्यासारखाच कुणीतरी आहे. मग आम्ही काय करायचो? काळ्या फिती लावून ड्युटी. ड्युटी सुटलेले थेट मंडपात. आणि संपकऱ्यांचा पगार कापला जायचा म्हणून आमच्या पगारातून ठरलेली रक्कम संप निधीत. जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च २०२३ ला राज्यभर संप झाला तेव्हा मी निवृत्त होतो, तरी मंडपात बसायला गेलो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि धुरात आयुष्य घालवलेल्या माणसाला म्हातारपणी बाजाराच्या भरवशावर सोडणं मला अजिबात पटत नाही.

एका संपातली गोष्ट सांगतो. सफाई कामगार मंडपात बसलेले, आठवडा झालेला. भर दुपारी नाल्याकाठच्या वस्तीत आग लागली. आम्ही तिघं गाडी घेऊन पोचलो तर मागून मंडपातली माणसं पळत आली. बायाही. कुणी होज उचलला, कुणी झोपड्यांची टिनं खेचून मध्ये मोकळी पट्टी केली. कुणी काही सांगितलं नव्हतं. विझल्यावर सगळे परत मंडपात जाऊन बसले आणि संप पुढे चालू राहिला.

हे सांगतो कारण खाकी घातली की आपल्यातल्या काहींना झाडूवाल्यांच्या शेजारी बसायला कमीपणा वाटतो. अग्निशमनची वेगळी संघटना काढा, असं दर पाच-सात वर्षांनी कुणीतरी म्हणतं. त्यामागे जात किती आणि कामाचा अभिमान किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं. लहान नगरपरिषदेत आपण दहा-बारा जण. आपल्या एकट्याच्या निवेदनाला कोण विचारतो? गावातला कचरा दोन दिवस उचलला नाही की सगळं गाव विचारतं. आमचे बूट आले त्यात नोंदींचा वाटा होता, तसा गेटवर आमच्यासाठी घोषणा देणाऱ्या त्या बायांचाही होता. त्यांना हातमोजे मिळावेत म्हणून आम्ही किती वेळा उभे राहिलो, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

युनियनमध्ये सगळं चांगलंच असतं असंही समजू नको. नगरसेवकाच्या मागेपुढे फिरून आपल्या पोराला चिकटवून घेणारे पदाधिकारी असतात. अनुकंपाच्या फाइलीला पैसे मागणारे असतात. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला "आपला सभासद" म्हणून वाचवायला निघालेले मी पाहिले आहेत. त्याच्या बाजूनं मी सही केली नाही आणि त्यावरून काहींशी कायमचं वाकडं आलं. गाडीत बसलेल्या बाकीच्यांचा जीव त्याच्या हातात असतो, तेही सभासदच. अशी माणसं युनियनमध्ये असतात म्हणूनच तुझ्यासारख्यानं बाहेर राहू नये.

तब्येतीबद्दल थोडं, कारण याकडे कोणीच लक्ष देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये फायरमनचं काम हे कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलं. काजळी कपड्याला चिकटते, कपड्यावरून कातडीला, कातडीतून आत. काळाकुट्ट झालेला युनिफॉर्म घालून चहाच्या टपरीवर मिरवण्याची आमच्याकडे पद्धत होती, आणि घरी बायको तोच पोरांच्या कपड्यांबरोबर धुवायची. तू असं करू नको. स्टेशनवरच धू, आंघोळ करून घरी जा. आणि उन्हाळा. पंचेचाळीस अंशांत जाड कोट घालून अर्धा तास काम केलं की गडी कोसळतो, आग दूर असली तरी. पाळीपाळीनं माणसं बदलायची, मीठ-साखरेचं पाणी गाडीत ठेवायचं. पाळीनं बदलायलाही माणसं लागतातच, म्हणजे पुन्हा तिसरी मागणी. वर्षातून एकदा छातीची आणि हृदयाची तपासणी प्रशासनाच्या खर्चानं, ही मागणी आमच्यानं पूर्ण झाली नाही. तुमच्या पिढीनं ती धरून ठेवावी.

वर पुलगावचं नाव घ्यायचं राहिलं. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या लष्कराच्या दारूगोळा भांडारात आग लागली तेव्हा ती विझवायला गेलेले अग्निशामक कर्मचारी स्फोटात गेले. ते केंद्राच्या नोकरीत होते. त्यांच्या घरच्यांना निदान कुठल्या दारात जायचं ते माहीत होतं. आता आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी फायरमन ठेकेदारामार्फत घेतात. तोच होज, तीच विहीर, तोच धूर, आणि पगार कायम माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. एकोणतीस दिवसांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा ऑर्डर. उद्या त्याला काही झालं तर ठेकेदार म्हणणार नगरपरिषदेला विचारा, नगरपरिषद म्हणणार ठेकेदाराला विचारा. माझ्या मते आज युनियनचं सगळ्यात मोठं काम ही पोरं आहेत. कायम कर्मचाऱ्यांच्या शाखा त्यांना सभासद करून घ्यायला कचरतात, आपला वाटा कमी होईल म्हणून. आणि गाडीवर शेजारी बसायला मात्र तेच लागतात.

तुलाही पहिली नोकरी बहुतेक ठेक्यावरचीच मिळेल. मिळाली तर घे, पण डोळे उघडे ठेवून. ऑर्डर लेखी माग. पीएफचा क्रमांक पहिल्या महिन्यात माग आणि पैसे जमा होतात का ते स्वतः मोबाइलवर बघ. अपघात विमा कोणाच्या नावानं काढला आहे ते विचार. हजेरीपटाचा आणि ज्या वर्दीला गेलास त्या अहवालाचा फोटो काढून ठेव, त्यात तुझं नाव लिहिलं आहे ना ते बघून. आमच्यातल्या काही रोजंदारीवाल्यांची जुनी वर्षं पुढे धरली गेली ती फक्त अशा कागदांमुळे, आणि ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांची गेली. चार-पाच वर्षं काम झाल्यावर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या सब-ऑफिसर कोर्सचा विचार कर. १९५७ पासून ते आपल्या दाराशी आहे आणि आपल्याच खेड्यांतली पोरं तिथे कमी दिसतात.

घरच्यांना सांग की भानगड टाळायची म्हणून पोरगा युनियनपासून लांब राहिला तर दोन माणसांच्या गाडीवर जिनिंगला जायची वेळ त्याच्यावरच येईल. तुझ्या नगरपरिषदेत फायरमनची शाखा नसेल तर सफाई कामगारांच्या शाखेत नाव घाल. ठेक्यावर आहेस म्हणून घेत नाहीत असं म्हणाले तर अर्ज लेखी दे आणि पोच घे.